साठ सेंटिमीटर

काळजाचा ठोका चुकला, असं आपण सहज म्हणतो.
माझा मोजून चुकला.
सहा सेकंद,
लिएक्साच्या शाळेतल्या स्वयंपाकघरात.
गुरुवार होता. गुरुवारी वाटाण्याचं सूप.
डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर,
डाव अजून हातात,
आणि दुसरीतली एक पोरगी वाकून विचारत होती,
"मावशी, पॅनकेक मिळणार ना?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं:
फोन उजव्या खिशात.
डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर नको.
इंडक्शनच्या शेगडीपासून साठ सेंटिमीटर.
शेगडीला पोट टेकून मी बावीस वर्षं
तीनशे पोरांचं रांधलं.
घरी येऊन शिवणाची टेप काढली,
खांद्यापासून मुठीपर्यंत भरले बरोब्बर साठ.
म्हणजे जीव मुठीत धरायचा तर
तो एवढ्या लांब.

एस्कोनं काही विचारलं नाही.
रात्री फक्त पलंगाच्या कडेला सरकून झोपला,
मी काचेची असल्यासारखा.
अंधारात मी ते बोटांनी चाचपायची,
काड्यापेटीहून लहान,
कातडीखाली किंचित घसरणारं.
घसरतंय, हे मी महिनाभर कुणाला बोलले नाही.

आमच्याकडे बसथांब्यावरसुद्धा
माणसं दोन-दोन मीटरवर उभी राहतात.
म्हणून लायब्ररीच्या तळघरात त्या मंगळवारी
मी दाराशीच खुर्ची घेतली.
ओनेर्वा उठली. बोलणारी नव्हेच ती.
मला कोटांच्या आड नेलं,
ब्लाऊजची दोन बटणं काढली
आणि माझं बोट धरून
स्वतःच्या उंचवट्यावर ठेवलं.
"हलतं थोडं," ती म्हणाली. "माझंही हलतं."
मग बटणं लावून गेली वेलचीचा पाव कापायला.

मी तिथेच, कुणाच्या तरी ओल्या मफलरमध्ये
तोंड खुपसून रडले.

तुओवीचं हे तिसरं यंत्र.
पहिल्या दोघांना तिनं आपल्या गायींची नावं दिली होती,
तिसऱ्यासाठी गाय उरली नाही, म्हणून ते बिननावाचं.
आर्वी दर वेळी विमानतळाचं विचारतो,
गेल्या वीस वर्षांत तो कुठेही गेलेला नाही.
आणि ताइस्तो, लाकूडतोड्या.
यांत्रिक करवत छातीशी धरता येईना,
ती विकली, कुऱ्हाड घेतली,
आणि सगळ्या जगावर चिडला.
बॅटरीची वर्षं मात्र तो पेन्शनसारखी मोजायचा.

नोव्हेंबरात गेला. फुफ्फुसांनी.
जाळण्याआधी ते काढून घ्यावं लागतं,
भट्टीत फुटतं म्हणे.
"किती उरली होती?" तुओवीनं विचारलं.
त्याच्या मुलीनं तिला सांगितलेलं
आर्वीला ठाऊक होतं: "सात वर्षं."
कॉफी निवत गेली.
मग आर्वीच म्हणाला,
"एवढी शिल्लक सोडून जायचं
त्या कंजुषाच्या जिवावर आलं असणार."
आम्ही हसलो. इतकं हसलो की ओनेर्वाला
डोळे पुसायला नॅपकिन पुरेनात,
आणि त्याची खुर्ची कुणी हलवली नाही.

जानेवारीत एक पोरगा आला, योना.
तेवीस वर्षांचा. हॉकी खेळायचा.
जॅकेट काढेना. दाराशीच बसला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"रात्री याचा आवाज येतो का?"

यंत्राला आवाज नसतो. आम्हा सगळ्यांना माहीत आहे.
तरी कुणी "नाही" म्हणालं नाही.
आर्वी म्हणाला, डाव्या कुशीवर.
तुओवी म्हणाली, बर्फ पडून गेल्यावर.
मी म्हणाले,
नवरा जागा असून झोपल्यासारखा पडतो ना, तेव्हा.

त्याच्या डोक्याजवळ कोटांची रांग होती.
ओनेर्वा पाव कापत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.
मुलगा आहे, बटणांचं कसं करायचं
मला सुचेना.
मी ताइस्तोची खुर्ची उचलली
आणि योनाजवळ नेऊन ठेवली,
कोपराला कोपर लागेल इतकी.
टेप नव्हती जवळ.